लागलेला निकाल

दिवाळीच्या सुट्टीत शाळामास्तराच्या घरी फराळाच्या डब्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू हटकून असते. ती म्हणजे सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे. एका हाताने चकली मोडावी आणि दुसऱ्या हाताने तांबड्या पेनाने गुण द्यावेत, अशी माझी दिवाळी गेली वीस-बावीस वर्षे चालली आहे. कादंबऱ्या लिहितो म्हणून चार लोक मला ओळखतात खरे, परंतु पोट भरले ते या गठ्ठ्यांनी. तेव्हा दिवाळी अंकासाठी काही विचाराचे लिहा, असे संपादकांचे पत्र आले त्या वेळी माझी नजर साहजिकच पलंगाखालच्या पेपरांकडे गेली. विषय सणासुदीचा नाही हे मी जाणतो. वाचकांनी फराळ आटोपल्यावर, घरातली मुले फटाक्यांच्या नादात असताना, हा लेख हाती घ्यावा एवढीच विनंती.

प्रश्न असा आहे. एखाद्या माणसावर खटला झाला, निकाल लागला, अपिले संपली, शिक्षा सुरू झाली. आणि मागाहून असा काही पुरावा पुढे आला की ज्याने तो निकालच चुकीचा वाटावा. तर खटला पुन्हा चालवावा की नाही? कोणीही चटकन म्हणेल, "चालवावा! यात विचारायचे ते काय?" मीही तसेच म्हणत असे. परंतु हाच प्रश्न फार लहान रूपात एकदा माझ्या टेबलावर आला होता, आणि त्या वेळी मी काय केले ते आठवले की आजही मान खाली जाते. ते पुढे सांगणारच आहे. आधी मोठी गोष्ट सांगतो, म्हणजे माझी लहान गोष्ट तिच्या शेजारी ठेवता येईल.

जपानात शिझुओका प्रांतात शिमिझु म्हणून गाव आहे. तेथे मिसोचा एक कारखाना होता. मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि बुरशी लावलेले धान्य एकत्र करून महिनोन्‌महिने मुरवलेला लगदा. आपल्याकडे लोणच्याची बरणी जशी घरोघर, तसा तिकडे मिसो. ३० जून १९६६ च्या पहाटे कारखान्याच्या एका संचालकाच्या घराला आग लागली, आणि ती विझल्यावर आत नवरा, बायको व दोन मुले अशी चौघांची भोसकलेली प्रेते सापडली. पोलिसांनी ऑगस्टमध्ये कारखान्यातल्याच एका कामगाराला पकडले. त्याचे नाव इवाओ हाकामाता, वय ३०, पूर्वीचा मुष्टियोद्धा. मुष्टियोद्धा म्हटल्यावर लोकांच्या मनात काय चित्र उभे राहते ते सांगायला नको. दिवसाला सरासरी बारा-बारा तास चौकशी चालली. विसाव्या दिवसाच्या सुमारास त्याने कबुली दिली.

खटला सुरू झाल्यावर त्याने ती कबुली नाकारली. तिच्यात त्याने पायजमा घालून खून केल्याचे म्हटले होते. परंतु पायजम्यावर म्हणण्यासारखे रक्त नव्हते. खटला असा अडखळत चालला असताना, खुनाला एक वर्ष आणि दोन महिने झाल्यावर, कारखान्याच्या मिसोच्या एका टाकीत रक्ताने माखलेले पाच कपडे सापडले. लगेच फिर्यादी पक्षाने आपले म्हणणे बदलले: पायजमा नव्हे, हे कपडे. ११ सप्टेंबर १९६८ रोजी त्याला फाशीची शिक्षा झाली. पोलिसांनी घेतलेल्या एकूण ४५ कबुलीजबाबांपैकी ४४ कोर्टाने विश्वास ठेवण्याजोगे नाहीत म्हणून बाजूला टाकले, आणि एक ठेवला. ४४ आंबे नासके निघाल्यावर त्याच पेटीतला पंचेचाळिसावा आपण निःशंकपणे कापून मुलांना देऊ काय? पण कोर्टाने दिला.

वरच्या कोर्टात ती पँट त्याला घालून पाहण्यात आली. मांडीच्या वर चढेना. उत्तर असे मिळाले की तुरुंगात तो जाड झाला आणि मिसोत कापड आटले. १९८० साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. तेथे फाशीची तारीख कैद्याला आधी सांगत नाहीत. ज्या दिवशी फाशी त्याच दिवशी सकाळी सांगतात. म्हणजे त्यानंतरची दररोजची सकाळ त्याची शेवटची असू शकत होती. अशा सकाळींची संख्या वाचकांनी स्वतःच करून पाहावी. मी एकदा करायला बसलो होतो. मध्येच कागद बाजूला ठेवला.

१९८१ साली फेरखटल्यासाठी पहिला अर्ज झाला. तो २००८ साली अखेरचा फेटाळला गेला. एका अर्जाचे वय सत्तावीस वर्षे! एवढ्या काळात माझ्या हाताखालून मुलांच्या दोन पिढ्या जातील. दरम्यान त्या माणसाचे मन ढासळले. इतके की भेटीला आलेल्या थोरल्या बहिणीलाही तो कधी कधी भेटेना. ही बहीण हिदेको. भावाला पकडले तेव्हा ती ३३ वर्षांची होती. तिने हिशेबनिशीची नोकरी केली, आणि २००८ सालीच दुसरा अर्ज केला.

आता माझ्या विषयाचा गाभा येतो. कायद्याची अट अशी की फेरखटल्यासाठी "नवा" पुरावा हवा. मग या दुसऱ्या अर्जात नवा पुरावा कोणता होता? त्या वेळी फिर्यादी पक्षाने आपल्या कपाटांतून सुमारे ६०० पुरावे बाहेर काढले. त्यांत टाकीत सापडलेल्या त्या पाच कपड्यांची रंगीत छायाचित्रे होती. त्या पँटच्या पट्टीवर "बी" हे अक्षर होते. ते मोठे माप दाखवते असे कोर्टाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ते रंगाचे अक्षर आहे, असा बनवणाऱ्याकडचा जबाब पोलिसांच्या कागदांतच होता. छायाचित्रांत रक्ताचे डाग तांबूस दिसत होते. एक वर्ष आणि दोन महिने मिसोत मुरलेले रक्त तांबडे राहील काय? बचाव पक्षाच्या लोकांनी रक्त लावलेले कपडे मिसोत घालून पाहिले. डाग काळपट पडले. सरकारी पक्षानेही मग आपला प्रयोग केला. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, रसायनशास्त्राचे निबंध झाले.

हा भाग मी आमच्या घरात वाचून दाखवीत होतो. आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "यासाठी कोर्ट कशाला हवं? बरणीत चुकून दादरा पडला आणि महिन्याने काढला, तर तो फडक्यासारखा तरी दिसतो का? वर्षभरानं रक्त तांबडं कसं राहील?" मला हसू आले; पण मागाहून वाटले की तिचे बरोबर आहे. जे ज्ञान मिसो घालणाऱ्या कोणत्याही बाईला असणार ते १९६८ सालीही होतेच. छायाचित्रेही होती, पट्टीवरच्या अक्षराचा खुलासाही होता. "नवा" म्हणून जो पुरावा मांडला गेला तो जुनाच होता; तो फक्त कोणीतरी पाहायचा राहिला होता, किंवा ज्याच्या कपाटात तो होता त्याने दाखवला नव्हता.

२०१४ च्या मार्चमध्ये शिझुओकाच्या कोर्टाने फेरखटल्याचा हुकूम दिला आणि हाकामाताला त्याच दिवशी सोडले. तुरुंगात ४७ वर्षे ७ महिने गेले होते. तरी सरकारी वकील वर गेले. २०१८ साली वरच्या कोर्टाने तो हुकूम फिरवला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत धाडले, २०२३ साली हुकूम पुन्हा कायम झाला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याला निर्दोष ठरवण्यात आले, आणि कबुली, पाच कपडे व त्यांना जुळणारा कापडाचा एक तुकडा या तिन्ही गोष्टी तपास करणाऱ्यांनी बनावट केल्या असे कोर्टाने म्हटले. तो ८८ वर्षांचा होता; निकाल ऐकायला तो कोर्टात आला नव्हता, ९१ वर्षांची हिदेको आली होती. इतका वेळ लागला याबद्दल न्यायाधीशांनी तिची क्षमा मागितली. पुढे प्रांताचे पोलीसप्रमुख घरी येऊन वाकून क्षमा मागून गेले, आणि २०२५ साली सुमारे २१ कोटी ७० लाख येन भरपाई मंजूर झाली. येनचे रुपये किती होतात याचा हिशेब काही वाचक करतील. मी केला नाही. आणि त्या चौघांना कोणी मारले, हे मात्र जगाला अजून कळलेले नाही. पहिल्या निकालाने तो शोधच बंद करून टाकला होता.

या सगळ्यात माझे मन ज्याच्यावर खिळले तो हाकामाता नव्हे, हिदेकोही नव्हे. नोरिमिची कुमामोतो नावाचा एक न्यायाधीश. १९६८ साली खंडपीठावर तीन न्यायाधीश होते. हा सर्वांत तरुण, जेमतेम तिशीचा. त्याच्या मते आरोपी निर्दोष होता आणि तसा निकाल त्याने लिहूनही ठेवला होता. परंतु मत दोघांविरुद्ध एक असे पडले, आणि निकालपत्र लिहिण्याचे काम रीतीप्रमाणे त्याच्याकडेच असल्यामुळे फाशीचा निकाल त्यालाच स्वतःच्या हाताने लिहावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. तो गप्प राहिला. २००७ साली तो प्रथम उघडपणे बोलला. एकोणचाळीस वर्षे! कायद्याने खंडपीठातली चर्चा गुप्त ठेवायची असते, हे त्याला अर्थातच ठाऊक होते. २०१८ साली तो रुग्णालयात असताना हाकामाताला त्याच्या भेटीला नेण्यात आले. २०२० साली कुमामोतो वारला. निर्दोषत्वाचा निकाल त्याने ऐकला नाही. तो आधी का बोलला नाही, असे विचारणारे पुष्कळ असतील. मी विचारणार नाही, कारण मला ते थोडेसे कळते.

वीस-एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीत नवा होतो, कडक मास्तर म्हणून नाव मिळवण्याची हौस होती. सातवीच्या वार्षिक परीक्षेत गणिताचे दोन पेपर माझ्यापुढे आले. व्याजाचे एक उदाहरण होते: मुद्दल ३,५०० रुपये, दर १२, मुदत ३ वर्षे. उत्तर १,२६०. या दोघांनीही लिहिले होते १,२०६. बाकीच्या चाळीस मुलांत ही चूक कोणाचीच नव्हती, आणि हे दोघे मागेपुढे बसलेले. एक मुलगा पहिल्या पाचांतला, गावातल्या बऱ्या घरचा. दुसरा शेवटच्या बाकावरचा, ज्याची वही निम्मी कोरी असायची असा. कोणी कोणाचे पाहून लिहिले याचा निर्णय करायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. खरे तर मी निर्णय केलाच नाही. तो आधीच केलेला होता.

मी शेवटच्या बाकावरच्याला बोलावले. नाव सांगत नाही. एकदा ते मी चारचौघांत घेतले आहे, तेवढे पुरे. तो "नाही" म्हणाला. एप्रिलचे ऊन होते. मी त्याला पटांगणात उभे केले आणि सांगितले की खरे बोलेपर्यंत तेथेच राहा, खरे बोललास तर घरी कळवणार नाही. तासाभराने तो आला आणि म्हणाला, "हो गुरुजी, बघून लिहिलं." मला त्या वेळी किती बरे वाटले म्हणून सांगू! गुन्हा सापडला, गुन्हेगार सापडला, आणि त्याने आपल्या तोंडाने सांगितलेही. मी गणितात शून्य दिले. इंग्रजीत तो तसाही नापास होता. दोन विषय गेले, मुलगा त्याच वर्गात राहिला. मग बाप शाळेत आला आणि त्याने विचारले तेव्हा मी कारण सांगितले. घरी कळवणार नाही हे वचनही पाळले नाही. जूनमध्ये तो मुलगा शाळेत आलाच नाही. कोणी म्हणाले की टेंपोवर क्लीनर म्हणून राहिला. पटावर त्याच्या नावापुढे एक शेरा पडला आणि विषय संपला.

ते दोन पेपर मात्र मी सुतळीने बांधून कपाटात ठेवले होते. बापाने वर तक्रार केली तर दाखवायला पुरावा हवा म्हणून. दहा वर्षांनी कपाट बदलताना तो पुडका हाती आला. रद्दीत टाकण्याआधी सहज उघडला. शेवटच्या बाकावरच्याच्या पेपरात, समासाच्या कडेला, पेन्सिलीने कच्चे काम केलेले होते: ३५ गुणिले ३६, दोन ओळी, बेरीज, १२६०. अगदी बरोबर. आणि पक्के लिहिताना त्याने आकडे उलटे उतरवले होते, १२०६. हुशार मुलाच्या पेपरात त्या उदाहरणाचे कच्चे काम कोठेच नव्हते, नुसते उत्तर. म्हणजे ती चूक जन्माला आली ती शेवटच्या बाकावर. तेथून ती पुढच्या बाकावर गेली.

हा नवा पुरावा होता काय? तो दहा वर्षे माझ्याच कपाटात होता. त्याच्याही आधी, पहिल्या दिवशी, तो माझ्या डोळ्यांसमोर होता. मी त्या मुलाविरुद्ध म्हणून जो कागद जपून ठेवला होता त्यातच त्याची सुटका लिहिलेली होती, आणि ती वाचायला मला दहा वर्षे लागली.

मी पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. वृद्ध, सज्जन गृहस्थ. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पेपर नीट पाहिले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमचं म्हणणं खरं दिसतंय. पण निकाल लागून गेला. निकालपत्रकात आता खाडाखोड करता येत नाही. आज एक उघडलंत तर उद्या गावातला प्रत्येक बाप दाराशी येऊन उभा राहील. आणि तो पोरगा तरी आता कुठे आहे?" मी "बरोबर आहे" असे म्हणालो आणि बाहेर पडलो. खरे सांगायचे तर त्यांनी मला नाही म्हटल्याने मला सुटल्यासारखे झाले.

त्यांचे म्हणणे निव्वळ टाळाटाळीचे होते असे मी म्हणणार नाही. निकालाला कोठेतरी शेवट हवाच. नाहीतर ज्याच्या घरात खून झाला ते लोक जन्मभर कोर्टाच्या पायऱ्यांवरच बसतील. साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात, आणि पैसेवाला आरोपी दर वर्षी एक नवा साक्षीदार उभा करील. भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या आपल्या मुलखाला हे सांगायला नको. आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३६२ वे कलम मी एका वकील स्नेह्याकडून समजावून घेतले. सही झालेल्या निकालात कोर्टाला लेखनदोष किंवा आकडेमोडीची चूक दुरुस्त करण्यापलीकडे बदल करता येत नाही. आमच्या मुख्याध्यापकांच्या तोंडी कायदाच बोलत होता म्हणायचा! अपील चालू असेपर्यंत वरच्या कोर्टाला ज्यादा पुरावा घेता येतो. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात पुनर्विचाराचा अर्ज, २००२ पासून त्याच्याही पुढची एक फार अरुंद वाट, आणि शेवटी राज्यपाल व राष्ट्रपती यांची दया. परंतु "नवा पुरावा सापडला, खटला पुन्हा चालवा" असे म्हणण्याचा स्वतंत्र रस्ता आपल्या कायद्यात नाही. दया ही तर मला नेहमीच चमत्कारिक वाटते. जो निर्दोष आहे त्याने दया कसली मागायची?

एका बाबतीत मात्र आपल्या कायद्याने दार कायमचे उघडे ठेवले आहे, आणि ते नेमके माझ्या धंद्याशी येऊन भिडते. गुन्ह्याच्या वेळी आरोपी अज्ञान होता, हे अखेरचा निकाल लागून गेल्यावरही केव्हाही सांगता येते. १९९४ साली पुण्यात एका घरात सात जणांचे खून झाले. त्यांत दोन मुले होती. ज्यांना फाशी झाली त्यांच्यात राजस्थानातून आलेला एक जण होता. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. पुढे त्याच्या गावाकडच्या, बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेचे रजिस्टर पुढे आले. खटल्यातले नाव आणि रजिस्टरातले नाव यांतही फरक होता. चौकशी झाली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. तो निर्दोष ठरला असे नव्हे. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला आपण फाशीच्या कोठडीत ठेवले होते एवढे ठरले. साडेबारा वर्षांची मुले म्हणजे माझी सातवी.

शाळेचे जनरल रजिस्टर वाचकांपैकी किती जणांनी पाहिले असेल कोण जाणे. लांबट, जाड पुठ्ठ्याचे. नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, प्रवेशाचा दिनांक, सोडल्याचा दिनांक, शेरा. आम्ही ते जूनमध्ये भरतो आणि पुन्हा कपाटात ठेवतो. त्यातल्या एका ओळीवर कोणाची मान अवलंबून असेल असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही येत नाही. तिकडच्या कोणा मास्तरानेही ती ओळ अशीच, कंटाळत, लिहिली असेल. ती सगळा वेळ तेथे होती. १९९८ साली फाशी झाली तेव्हाही होती. हा मुलगा केवढा आहे, हे त्याच्या शाळेत विचारायला कोणी गेले नव्हते, एवढेच.

म्हणून मला वाटते की "नवा पुरावा" हा शब्दच आपली फसगत करतो. त्यामुळे असे वाटते की कोर्टाने त्या वेळी होते नव्हते ते सारे पाहून निकाल दिला, आणि मग आकाशातून काहीतरी नवीन पडले. तसे क्वचित होत असेल. बहुतेक वेळा कागद कोणाच्या तरी कपाटात असतो, किल्ली त्याच्याच कंबरेला असते, आणि जो कोठडीत आहे त्याला आपण सांगतो की जा, नवा पुरावा घेऊन ये. जपानात अर्जदाराला फिर्यादी पक्षाचे कागद हक्काने मागता येत नव्हते, ही या प्रकरणातली मोठी तक्रार होती. निकालाला शेवट हवा हे मान्य. पण कपाट उघडून सगळे कागद टेबलावर मांडल्यानंतरचा शेवट निराळा आणि कुलपासकटचा शेवट निराळा. मुख्याध्यापकांना मी हे त्या दिवशी म्हणायला हवे होते. सुचले नाही असेही नाही.

आपल्याकडे रामशास्त्र्यांची गोष्ट घरोघर सांगतात. पेशव्याच्या घरातल्या माणसाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश! मीही वर्गात ती रंगवून सांगतो. पण आपलाच निकाल चुकला असे सांगणाऱ्या न्यायाधीशाची गोष्ट सांग म्हटले तर मला आठवत नाही. दुसऱ्याला दोषी म्हणायला लागणारे धैर्य आणि स्वतःला चुकलो म्हणायला लागणारे धैर्य यांची जात वेगळी असावी. पहिल्याला टाळ्या पडतात.

पेपर पुन्हा कपाटात गेले. आणखी दहा वर्षे तेथे राहिले. २०२४ साली ती जपानची बातमी वाचली, कुमामोतोविषयी वाचले, आणि नंतर काही दिवस मला नीट जेवण गेले नाही. सौ.ला सगळे सांगितले. इतक्या वर्षांत तिलाही सांगितले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "मग आता तरी जाऊन या."

शोधायला फारसे लागले नाही. तालुक्याच्या बाजारात त्याचा स्वतःचा टेंपो आहे; भाजी वाहतो. मी समोर उभा राहिलो तर त्याने लगेच ओळखले, पाया पडला, चहा सांगितला. मी पेपर काढून त्याच्यापुढे धरला आणि काय झाले होते ते सांगितले. पेन्सिलीने केलेला तो गुणाकार दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पण गुरुजी, मी तर कबूल केलं होतं की."

"तुला उन्हात उभं केलं होतं म्हणून."

"असेल. मला आपलं वाटायचं, मी बघितलंच असणार. घरात पण सगळे तेच म्हणायचे."

दुसऱ्या मुलाविषयी त्याने काही विचारले नाही, आणि मीही बोललो नाही. तोही आता मोठा माणूस आहे आणि त्याची बाजू मी कधी ऐकून घेतलेली नाही. एकदा केले ते पुरे. थोड्या वेळाने यानेच विचारले, "म्हणजे मग किती मार्क पडायला पाहिजे होते?"

मी तोवर तपासलेच नव्हते! शून्य दिलेला पेपर, बाकीची उदाहरणे कोण पाहतो? टेंपोच्या बॉनेटवर पेपर पसरून, खिशातले तांबडे पेन काढून, मी तेथेच तो पहिल्यापासून तपासला. हमाल बाजूला उभे राहून बघत होते. १२०६ ला रीतीचे गुण दिले, उत्तराचा एक कापला. बेरीज ५८ आली. शून्य खोडून मी ५८ लिहिले आणि खाली तारखेसह सही केली.

"अठ्ठावन्न!" तो म्हणाला आणि हसला. "पण इंग्रजीत नापासच होतो की मी. काही झालं असतं तरी राहिलोच असतो त्या वर्गात." असे म्हणून त्याने पेपराची घडी घातली आणि गाडीच्या कागदांच्या पिशवीत, परमिटाशेजारी, ठेवून दिली. मुलीला दाखवीन म्हणाला. ती सातवीत आहे.

एकाच विषयात गेलेल्याला त्या वेळी आमच्या शाळेत वरच्या वर्गात घालीत असत. हे त्याला ठाऊक नसावे. मला ते तेथे, त्या बाजारात, सांगवले नाही. हा अंक निघाला की एक प्रत त्याला पाठवणार आहे.